वळणावरची कोरफड

थोरलीच्या बागेचं गल्लीत फार कौतुक. "मखमलीला गोणपाट जोडावं तशी झाडं लावलीत हो, आणि तरी शोभतात!" शेजारीण म्हणायची. "चाळीस वर्षं कपडे शिवले, पोत कळायचाच," म्हणून थोरली हसून वेळ मारून न्यायची.

खरी गोष्ट तिच्या धाकट्या बहिणीला तेवढी ठाऊक. थोरलीची नजर पार अधू झाली होती; समोरचं माणूस म्हणजे नुसती सावली. म्हणून तिने सगळी वाट बोटांना पाठ करून ठेवली होती. पायरीशी लोकरीसारखा पानओवा, वळणावर झिपरा नेचा, नळापाशी कोंबड्याचा मऊ तुरा आणि त्याच्याही पुढे, फाटकाशी, काटेरी कडांची कोरफड. कुंड्या मांडताना धाकटीच मदतीला होती. "या कानाचं त्या कानाला कळू देणार नाही, ताई," असं तिने वचन दिलं होतं.

वचन हवंच होतं, कारण मुलगा हटून बसला होता. घराला कुलूप लावायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं, सहाव्या मजल्यावर. हो-ना करता करता तो एवढ्यावर आला, "रविवारी येतो. माझ्यासमोर एकटीने बागेला पाणी घाल. जमलं, तर पुन्हा विषय काढणार नाही." थोरलीला मनातून हसूच आलं. हा तर तिच्या हातचा मळ!

रविवारी मुलगा आणि धाकटी पायरीवर उभे राहिले. थोरली रिकामी झारी घेऊन निघाली. पानओवा लागला. दहा पावलांवर नेच्यासाठी हात पुढे केला, तर बोटांना काटेरी कड लागली. कोरफड? म्हणजे फाटक आलं? मुलाला दाखवायच्या नादात आपण नळ मागे टाकला की काय? ती गडबडली, भलत्याच अंगाला वळली आणि तिचं कपाळ भिंतीवर आदळलं. झारी खणखणत लांब गेली.

"आई!" मुलगा ओरडला. "तुला भिंतसुद्धा दिसत नाही?"

धाकटी धावत आली आणि तिने हात धरला. थोरलीची बोटं सवयीने त्या हातावरून फिरली. नखांत ओली माती होती. मनगटावर बारीक ओरखडे होते, ताजे.

"कुंड्या तू हलवल्यास," थोरली म्हणाली.

धाकटी हळूच म्हणाली, "मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही गं. तुला दिलेला शब्द पाळला. पण उद्या पडून हाड मोडून घेतलंस तर? मी कुठवर धावू?"

"थकले, एवढं मला म्हणायचंस. भांडले असते, पण ऐकलं असतं." थोरलीचा आवाज चिरकला. "माझी वाट तुझ्या एकटीच्या हाती दिली होती मी. आणि तीच फिरवलीस?"

घर सुटणार हे तिला कळून चुकलं होतं. त्याचं रडू नंतर येणार होतं. आत्ता तिने आपला हात सोडवून घेतला आणि सावल्यांमधली उंच सावली शोधली.

"बाळा, तू ये," ती म्हणाली. "मला आत ने. हिचा हात नको."