नऊ नंबरची खूण

लेकीच्या मनगटावरचे तीन लाल फोड दिसले आणि बटणरावांनी तिचा हात धरून खिडकीपाशी नेला.

"डास चावला असेल," लेक म्हणाली.

"डास कसला बोडक्याचा! डास चावतो आणि उडून जातो. ही रांग बघ. एक, दोन, तीन. हे पायी चालणाऱ्याचं काम आहे. ढेकूण!"

ढेकूण म्हटलं की माणसं नाक मुरडतात. बटणरावांचा चेहरा मात्र जुना सोबती भेटावा तसा उजळला. सव्वीस वर्षं त्यांनी बटणं विकली. शर्टाची, कोटाची, चार भोकांची, दोन भोकांची. नमुन्यांची पेटी घेऊन गावोगावच्या शिंप्यांकडे जायचं आणि मिळेल त्या लॉजमध्ये अंग टाकायचं. आपल्याला जेवढे ढेकूण चावले तेवढे बटणांचे डबे खपले असते तर मालकाने घरजावई करून घेतलं असतं, असं ते स्वतःच सांगायचे. एवढी वर्षं फिरून खरं नाव काय ते घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बटणराव म्हणजे बटणराव.

लेक इस्पितळांतली एक्स-रे मशिनं दुरुस्त करत फिरते. बापाच्या पायाची भिंगरी लेकीच्या पायाला लागली.

"गादीच्या शिवणी बघितल्या होत्यास? बॅग खुंटीला अडकवलीस की टाकलीस खाटेवर?"

"खाटेवर. थकले होते हो बाबा."

"झालं! चांगलं पाहुण्यांना घरी घेऊन आलीस."

तोवर बायकोने लेकीची बॅग उचलून मागच्या अंगणात उन्हात टाकलीसुद्धा, आणि चुलीवर पाणी चढवलं. तिचा हा जुना खाक्या. बटणराव फिरतीवरून आले की पुढचं दार बंद. मागच्या दारी उभं राहायचं, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात, पेटी उन्हात, आणि मग घरात पाऊल. शेजारीण विचारायची, "काय हो, नवरा आलाय की गोधडी धुवायला काढलीय?" बटणराव टॉवेलवर उभे राहून तिलाही हसून उत्तर द्यायचे. काय दिवस होते! तेव्हा वैताग यायचा, आणि आता त्याच मागच्या दाराच्या आठवणी काढत बसतात.

"पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या गावाला जायचंय," लेक हात खाजवत म्हणाली. "नवीन इस्पितळ झालंय तिथे. बाबा, तुमचा तो लॉज अजून चालू आहे म्हणे."

बायकोने चिमटा खाली ठेवला.

"जा तिच्याबरोबर," ती म्हणाली. "चौतीस वर्षं माझं डोकं खाल्लंत. तो माणूस त्याच गावात राहतो. एकदाचं सांगून टाका. न सांगता आलात तर मागच्या दारीच उभे राहाल, सांगून ठेवते."

काय सांगायचं होतं ते आता ऐकाच.

नदीपलीकडच्या त्या लॉजवर फिरत्या विक्रेत्यांचा अड्डा होता. बटणराव, साबण विकणारे साबणशेठ, कुलपं विकणारा एक, आणि चष्म्याच्या फ्रेमा आणि भिंगं विकणारे चष्मेबुवा. खाली लांब टेबलावर जेवण, वर बारा खोल्या. मालकीणबाई झाडलोट करायची, पण ढेकूण काय झाडूला घाबरतो? खाटेच्या सांध्यांत रॉकेल ओतलं की चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा संसार सुरू. म्हणून ह्या मंडळींनी आपसात एक सोय केली होती. प्रत्येक खोलीत एक टेबल होतं. त्याचा खण काढून उपडा करायचा आणि तळाला खूण करायची. खोली चांगली असेल तर बरोबरची खूण, ढेकूण असतील तर तीन टिंबं. शेजारी आपली निशाणी काढायची. बटणरावांची निशाणी म्हणजे गोल आणि आत चार भोकं, तीही शिंप्याच्या पांढऱ्या खडूने. चष्मेबुवांचे दोन गोल आणि मधे दांडी. ते भिंगावर खुणा करायच्या निळ्या मेणाच्या पेन्सिलीने काढायचे. पोचल्याबरोबर माणूस आधी खण बघायचा, मग बूट काढायचा.

ही खूण म्हणजे शब्द होता. कुलूपवाल्याने एकदा चांगली खोली स्वतःसाठी राखून ठेवायला खोटी टिंबं काढली होती. ते उघडकीला आलं, आणि पुढे तो जेवायला बसला की शेजारची खुर्ची रिकामी राहायची. वर्षभरात त्याने लॉज बदलला.

चष्मेबुवा आणि बटणराव म्हणजे जिवाचे सोबती. एकमेकांच्या मुलींचे वाढदिवस पाठ. पण चष्मेबुवांची जीभ तिखट होती. एकदा भर पंगतीत ते म्हणाले, "आमचे बटणराव खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून झोपतात. ढेकूण पोहायला शिकले तर काय करणार हो?" सगळी पंगत खो खो हसली. मालकीणबाईसुद्धा हसली. आता खोटं कशाला बोला, थट्टा साधीच होती. पण त्या दिवशी बटणरावांचा एकही डबा खपला नव्हता आणि डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळी त्यांनी नऊ नंबरची खोली सोडली. ती खोली ढेकणांनी नुसती बुजबुजलेली होती, आणि पुढच्या आठवड्यात ती चष्मेबुवांनी सांगून ठेवलेली होती. बटणरावांनी खण उपडा केला आणि खडूने ठसठशीत बरोबरची खूण केली, शेजारी आपलं बटण काढलं. घे लेका, शिक आता पोहायला!

चष्मेबुवांचं अंग चटकन सुजायचं. हे बटणरावांना माहीत होतं. माहीत होतं, हेच तर.

जे माहीत नव्हतं ते पुढे पंगतीत मालकीणबाईकडून कळलं. ज्या रात्री ते नऊ नंबरात झोपले तिच्या दुसऱ्या सकाळी चष्मेबुवांची गावातल्या सगळ्यात मोठ्या चष्म्याच्या दुकानात मुलाखत होती. पंधरा वर्षं फिरून ते कंटाळले होते. नोकरी मिळाली की बायकामुलीला इथेच आणणार, रोज घरी जेवणार, असं त्यांनी एकट्या मालकीणबाईला सांगितलं होतं. आणि गेले कसे? डावा डोळा सुजून पार बंद, ओठ भज्याएवढा. दुकानाच्या मालकाने त्यांना दारातच विचारलं म्हणे, "डोळे तपासून घ्यायला आलात का?" नोकरी दुसऱ्याला मिळाली. चष्मेबुवा आणखी अकरा वर्षं पेटी घेऊन फिरले आणि मगच त्या गावात घर करून राहिले, असं नंतर बटणरावांच्या कानावर आलं. त्यांची मुलगी त्या अकरा वर्षांत लहानाची मोठी झाली.

"कसला तरी किडा चावला," एवढंच ते पंगतीत म्हणाले. सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता बटणरावांनी आठवडे घालवले. बुवांना कळलं होतं की नव्हतं? हा एकच प्रश्न त्यांना कुरतडत राहिला. त्यात दोन महिन्यांनी साबणशेठने पाठीवर थाप मारली, "बटणराव, तुमच्यामुळे वाचलो बघा! नऊ नंबर!" चोराच्या मनात चांदणं. बटणरावांना वाटलं, सगळ्यांना कळलंय आणि हा टोमणा मारतोय. त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि उठून गेले. पुढच्या फेरीपासून ते नदीच्या अलीकडेच उतरू लागले. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, आणि जेवताना कुणी थट्टाही करत नव्हतं.

तर असे हे बटणराव, सत्तरी ओलांडलेले, लेकीबरोबर त्या लॉजच्या पायऱ्या चढले. मालकीणबाई केव्हाच गेली, आता तिची सून गल्ल्यावर बसते. लेकीने मुद्दाम नऊ नंबर मागितला होता. खोलीत नवी खाट, नवी गादी, भिंतींना पिवळा रंग. लेकीने आधी बॅग खुंटीला अडकवली, मग मोबाइलच्या उजेडात गादीच्या शिवणी तपासल्या, उशी झटकली, खाटेचे सांधे बघितले.

"स्वच्छ आहे बाबा. एकही नाही."

बटणरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. कोपऱ्यात तेच टेबल होतं. वरून दोनतीनदा रंगवलेलं, पण पाय तेच, एक पाय किंचित आखूड. ते टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"अगं, तेवढा खण काढ जरा."

लेकीने खण ओढून काढला आणि उपडा करून खाटेवर ठेवला. तळाला कुणी रंग लावायच्या भानगडीत पडलं नव्हतं. कोरं लाकूड, आणि त्यावर खुणाच खुणा. साबणशेठची वडी. कुलूपवाल्याचं कुलूप, कुणीतरी खोडलेलं. चष्मेबुवांचे दोन गोल, तीनचार ठिकाणी. बटणराव एकेका खुणेवरून बोट फिरवत हसत होते. डोळे भरून आले होते आणि तरी हसत होते. मग कडेला त्यांना आपलं बटण दिसलं. पांढऱ्या खडूचा गोल, चार भोकं.

शेजारी बरोबरची खूण नव्हती. तिथलं लाकूड ओल्या फडक्याने पुसलेलं होतं, खडूचा पांढुरका डाग तेवढा राहिला होता. त्या डागावर तीन टिंबं होती. निळी. मेणाची. दाबून काढलेली.

"काय झालं बाबा?"

बटणराव खाली बसले. गादी न झटकता बसले, ह्यावरूनच लेकीला कळलं की काहीतरी मोठं घडलंय.

बुवांना कळलं होतं. पहिल्याच रात्री कळलं होतं. आणि सकाळी उठून त्या माणसाने काय केलं? खोटी खूण पुसली, खरी काढली, आणि शेजारी बटणाची निशाणी तशीच राहू दिली. पुढे येणाऱ्याला वाटावं की बटणरावांनीच सावध केलंय. साबणशेठने मारलेली थाप खरी होती. तो मनापासून आभार मानत होता, आणि ह्यांनी त्याच्यासमोर ताट सोडलं होतं! एक डोळा बंद, मुलाखतीला जायची घाई, आणि अशा वेळी हा माणूस खण उपडा करून मित्राची अब्रू झाकत बसला होता.

लेक इस्पितळात गेली आणि बटणराव चालत निघाले. चष्मेबुवांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. बुवा ओसरीवर बसून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. डोकं पांढरं झालेलं, हात मात्र अजून स्थिर. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले.

"कोण? बटणराव? अरे, जिवंत आहेस होय तू! मला वाटलं ढेकणांनी नेला उचलून."

जीभ तीच होती. बटणराव उभेच राहिले. वाटेत घोकलेलं सगळं विसरले.

"नऊ नंबर बघून आलो," ते म्हणाले.

"आहेत का अजून?"

"नाहीत. खूण आहे."

चष्मेबुवांनी पेचकस खाली ठेवला.

"पुसलेली ती खोटी खूण मी केली होती," बटणराव म्हणाले. "मुद्दाम केली होती. तू पंगतीत मला हसलास म्हणून. मुलाखतीचं खरंच माहीत नव्हतं रे. चुकलो मी. माफ कर मला."

"मला राग आला नाही असं समजू नकोस," चष्मेबुवा म्हणाले. "वर्षभर आला. माझी पोर रडायची, बाबा घरी कधी राहणार म्हणून, तेव्हा तर तुझं नाव घेऊन शिव्या घातल्यात मी."

"मग पुसलीस कशाला? राहू द्यायची होतीस. सगळ्यांना कळलं असतं."

"कुलूपवाल्यासारखा तू टेबलाच्या टोकाला एकटा बसलेला बघायचा, आणि मी कुणाशेजारी बसून जेवायचं?" चष्मेबुवांचा आवाज चढला. "एवढं करून तू गेलासच की रे! निरोप नाही, पत्र नाही. नोकरीचं दुःख दोन वर्षांत संपलं. तुझी खुर्ची मी किती दिवस धरून ठेवली, माहीत आहे? साबणशेठ म्हणायचा, बुवा, नाही येत आता तो. मी म्हणायचो, येईल."

बटणरावांना रडू आवरेना. सत्तरीचा माणूस, ओसरीवर उभा राहून लहान मुलासारखा रडला. चष्मेबुवांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं त्यांच्या हातात कोंबलं.

"वेडा आहेस तू," ते म्हणाले. "चावले मला, आणि चौतीस वर्षं खाजवत बसलास तू."

मग त्यांनी आत वळून हाक मारली, "अगं, जेवायला दोन पानं घे! बटणराव आलाय!" आणि ओसरीवरची दुसरी खुर्ची पुढे ओढली.

बटणराव बसण्याआधी सवयीने वाकले आणि खुर्चीच्या सांध्यांत डोकावून बघू लागले.

"बस रे," चष्मेबुवा म्हणाले. "मी बघितलंय."