साहेबांचं पाणी

मासा बायकोचा होता. निळा, लांब झुलत्या शेपटीचा, एकटाच राहणारा लढाऊ मासा. दुसरं कुणी टाकीजवळ आलं की तो गाल फुगवून असा काही रुबाब करायचा, की तिनं त्याचं नावच ‘साहेब’ ठेवलं होतं. नवऱ्याला मात्र सगळी गल्ली ‘बाइंडर’ म्हणायची, कारण पुस्तकं बांधण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. “घरात एक साहेब आणि एक कामगार,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची.

एका गुरुवारी तिनं टाकीचं पाणी बदललं, हात पुसले, छातीत जड वाटतंय म्हणून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्यानंतर पाच आठवडे बाइंडरनं घरातलं सगळं जमेल तसं केलं. एका टाकीला मात्र हात लावला नाही. साहेबांना खायला तेवढं घालायचा. ती सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन दाणे टाकायची. याच्या घशाखाली घास उतरत नसे, मग स्वतःच्या ताटावरून उठून तो माशाला चिमूटभर जास्तच टाकायचा. निदान एकानं तरी पोटभर खावं.

एका सकाळी चष्मा पुसून बघतो तर साहेब तळाशी पडलेले. शेपटी निम्मी झाली होती.

माशांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, कोपरापर्यंत हात ओले. त्याचं ऐकून तिनं दुकानातली टाकी घासता घासता विचारलं, “काका, शेपटी फाटलीय की झिजलीय?”

बाइंडरला हे बरोबर सांगता आलं. “फाटलेली नाही, ताई. फाटल्यावर चीर पडते, बाकीचं पान शाबूत राहतं. इथं कड गेलीय. पुस्तकाला कसर लागते ना, तशी. आणि कडेला काळी रेघ आहे, शाई पसरल्यासारखी.”

बाईनं घासणं थांबवलं. “असं नेमकं कुणी सांगत नाही हो. टाकीतल्या टोकदार झाडाला, दगडाला अडकून पर फाटला तर सरळ चीर पडते. तुमचा सडतोय. पाणी कधी बदललंत?”

“बायकोनं बदललं होतं.”

“कधी?”

“पाच आठवडे झाले.”

“अहो, मग त्यांना म्हणावं, इतके दिवस…”

“ती नाही आता.”

बाईनं हात पुसले आणि म्हणाली, “एका बाटलीत थोडं पाणी घेऊन या. तपासून देते.”

तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन आला. तिनं त्यात थेंब टाकले. पिवळं असायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं. “बघा,” ती बोलून गेली, “हे पाणी नाही राहिलं, विष झालंय.”

“विष म्हणू नका,” बाइंडर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बाटली परत घ्यायला त्यानं हात पुढे केला होता. “तिनं भरलंय ते.”

“चुकलं माझं.” बाईनं बाटली त्याच्या हातात दिली, लगेच सोडली नाही. “त्यांनी भरलं तेव्हा चांगलंच असणार. माशाची घाण, उरलेलं खाणं, त्यानं खराब झालं. तुम्ही जास्त घालता का खायला?”

त्यानं मान डोलावली.

“आता उद्यापर्यंत काही घालू नका. औषधही आत्ता नको, आधी स्वच्छ पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला या दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकायचे, टाकीतल्याइतकं कोमट करायचं आणि मग ओतायचं.”

“सगळं काढायचं?”

“एकदम काढलं तर त्याला झटका बसेल. रोज पाव भाग.”

पाव भाग. त्याला जरा बरं वाटलं. एवढं जमेल.

पहिल्या दिवशी त्यानं नळीनं पाव टाकी पाणी बादलीत काढलं आणि नवं भरलं. बादली तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती रिकामी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, घरात बादली एकच. न्हाणीघरात नेऊन त्यानं ती हळूहळू कलंडली. शेवटचं पाणी जाळीतून गेलं तसा तो तिथल्याच स्टुलावर बसला आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा रडला. स्मशानात रडला नव्हता, लोकांना चहा विचारत होता.

मोजमापाची सवय हाताला होती, डोकं आपोआप हिशेब करी. आज तिचं पाणी निम्म्याहून थोडं जास्त. आज तिसरा भाग. आठवडा सरला तेव्हा जेमतेम आठवा भाग उरला होता. पुढं त्यानं मोजायचं सोडून दिलं.

काळी रेघ वाढायची थांबली. दहाव्या दिवशी साहेब वर आले आणि दाणा घेतला. तीन आठवड्यांनी शेपटीच्या कडेला नवी झालर फुटलेली दिसली, बटरपेपरसारखी पारदर्शक. दुकानातल्या बाईनं फोटो बघितला. “रंग भरेल थोडाफार. पण एवढी गेलेली शेपटी पहिल्यासारखी होईल असं नाही सांगत. वयही झालंय त्याचं.” वरचा कोपरा तसाच तुटका राहिला.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या शहरात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बाइंडर म्हणाला, “आईनं भरलेलं टाकीचं पाणी होतं ना, ते गेलं सगळं. मीच काढलं.”

लेक म्हणाली, “बाबा, आईची शाल माझ्याकडे राहिलीय. मागच्या वेळी ती इकडे आली होती तेव्हाची. पिशवीत घालून तोंड बांधून ठेवलीय. वास जाईल म्हणून उघडत नाही. वेड्यासारखं आहे ना?”

“नाही गं.”

“उघडू का? तुम्ही सांगा.”

बाइंडरनं टाकीकडे बघितलं. साहेब तुटक्या शेपटीनं काचेशी फिरत होते.

“राहू दे बांधलेली,” तो म्हणाला. “माझा नाइलाज होता. तुला कसली घाई आहे?”

फोन ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही. पलीकडे लेक नाक ओढत होती, इकडे बाप नुसता “हं, हं” म्हणत होता.