आठ तासांचा जामीनदार

मी एक पास बोलतोय. खिशात शोधू नका, मी संगणकाच्या आतला. सकाळी सात वाजता वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी पासवर्ड टाकला, आतल्या पहारेकऱ्याने तो ताडून पाहिला आणि माझा जन्म झाला. आयुष्य आठ तास, त्यांच्या पाळीएवढं.

माझं काम जामीन राहण्याचं. औषधांचं भांडार, रक्ततपासणी, एक्स-रे, रुग्णांच्या नोंदी, प्रत्येक दारात मी पुढे होतो आणि म्हणतो, "या मोठ्या सिस्टर, सोडा आत!" पूर्वी म्हणे प्रत्येक दाराला वेगळा पासवर्ड होता आणि ते सगळे कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर! ती कटकट मिटवली म्हणून मी जरा तोऱ्यातच होतो.

पण मला बोलता येतं ते हे एकच वाक्य. खुर्चीवर कोणीही बसो.

अकराच्या सुमारास मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या ताई, एका आजोबांना उठवून बसवायला गेल्या. तेवढ्यात धाकटी सिस्टर धावत आली. "ताई, तुमचं चालूच आहे ना? माझ्या पेशंटचं एक औषध नोंदीत टाकते हं!"

"टाक गं," ताई तिकडूनच म्हणाल्या. रोजचंच होतं ते.

घाईत तिने नऊ नंबरच्या खाटेची गोळी सहा नंबरच्या आजींच्या नावावर टाकली. मी आपला म्हणालो, "या मोठ्या सिस्टर."

नशीब, आजींची सून जागरूक. "अहो, ही गोळी त्यांना चालत नाही, दम लागतो!" गोळी तोंडाशी जाता जाता राहिली. डॉक्टरांनी नोंद उघडली, तिथे नाव ताईंचं दिसलं आणि त्यांनी तक्रार लिहायला घेतली. "सिस्टर, बावीस वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. आता औषधांचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण तोंडात तेच वाक्य! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तीच रडवेली होऊन पुढे आली. "सर, नाव त्यांचं, पण हात माझा होता."

"आणि सगळं उघडं टाकून मी उठले," ताई म्हणाल्या. "निम्मी चूक माझी."

डॉक्टरांनी दोघींना चांगलंच सुनावलं, पण तक्रारीतलं ताईंचं नाव खोडलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आता तीन वाजत आलेत. माझ्या आधीचे सगळे पास कोणी बंद न करताच, रिकाम्या खुर्चीसमोर मुदत भरून संपले. आज मात्र ताई पर्स खांद्याला लावूनही परत येऊन बसल्यात आणि त्यांचं बोट लॉगआउटच्या बटणावर आहे. तुम्हीही उठताना आम्हाला असाच निरोप देत जा. आम्ही तुमच्या नावाला जामीन असतो, दुसऱ्याच्या हातांना नाही.

जाताना तेच वाक्य म्हणतो, पण या वेळी अगदी खात्रीने. या मोठ्या सिस्टर. जाऊ द्या त्यांना घरी.