हात दाखवा

"आधी हातमोजे काढा," सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

सरांनी दोन्ही हात वर करून पाहिले. नवे कोरे, पिवळे, जाडजूड हातमोजे. करवतीच्या मशीनबरोबर खास मागवलेले. "अगं, सुरक्षेसाठीच तर घातलेत!"

"पातं हातमोजा ओढून घेतं, आणि हातमोज्यात तुम्ही असता. पुस्तकात लिहिलंय. पान नऊ."

"वा! तू जन्मभर हातमोजे घालून काम केलंस आणि मला..."

"माझ्यासमोर होतं ते गरगर फिरत नव्हतं. भूल दिलेली असायची."

सरांनी मोजे काढले. मग अंगठी काढली, घड्याळ काढलं, बाह्या कोपरावर चढवल्या. चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा लावला, कानांवर आवाज अडवणारी टोपणं बसवली. मग बायको काय म्हणतेय ते ऐकू येईना, म्हणून टोपणं काढली. पहिली फळी कापून झाली तेव्हा अकरा वाजले होते. तयारी नऊला सुरू झाली होती.

सरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि सुतारकाम त्यांच्या अंगात आलं. मोटार त्यांनी कधी घेतलीच नाही, पण तिच्यासाठी बांधलेल्या खोलीत आता करवतीचं मशीन आलं. लोखंडी टेबल, आणि त्याच्या फटीतून वर डोकावणारं गोल दातेरी पातं. ते बघून सरांना पुस्तकांचं कपाट दिसू लागलं. सिस्टरांना भलतंच काही दिसलं. एकतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, आणि असल्या मशीनची त्यांची ओळख नेहमी रक्ताळलेल्या रुमालात गुंडाळून आली होती.

"मी समोर असेन तेव्हाच बटण दाबायचं," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

माहितीपुस्तक सरांनी चाळलं. सिस्टरांनी ते पेन्सिलीने रेघा मारत वाचलं. पातं फळीच्या वर जेमतेम नखभर ठेवायचं. पात्यावरचं झाकण आणि फळी अडकू नये म्हणून पात्यामागे बसवलेली पट्टी काढायची नाही. शेवटचा तुकडा हाताने नाही, काठीने ढकलायचा. आणि पात्याच्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही, कारण फळी अडकली तर ती त्याच रेषेत उलटी येते. सरांना हे सगळं पाठ झालं, पण वर्गातल्या पहिल्या बाकावर बसवलेल्या दांडगट मुलासारखं त्यांचं तोंड सदा फुगलेलं असायचं.

त्यात कुंपणापलीकडे मिस्त्री राहायचे. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. डाव्या हाताला तीनच बोटं. सरांचा तो थाटमाट बघायला ते रोज कुंपणाला टेकून उभे.

"सर, फळी कापताय की चंद्रावर निघालात?"

सर ओशाळून हसायचे. सिस्टर हसायच्या नाहीत.

"सिस्टर, आम्ही हयात घालवली या कामात," मिस्त्री एकदा म्हणाले. "काठीबिठी कधी हातात धरली नाही."

"दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्री तसेच घरात निघून गेले. सिस्टर मात्र दिवसभर स्वतःवरच चिडल्या होत्या. संध्याकाळी भाजी करपली, तिच्यावरही चिडल्या.

गुरुवारी त्या डोळे तपासायला गेल्या. दवाखान्यात गर्दी नव्हती, त्यामुळे तासाभरातच परत आल्या. फाटकाशी येताच त्यांना आवाज ऐकू आला. मशीनचाच आवाज, पण रोजच्यापेक्षा मोकळा, उघडा. त्या लगबगीने खोलीच्या दाराशी आल्या.

मिस्त्री मशीनवर होते. पात्यावरचं झाकण आणि मागची पट्टी जमिनीवर पडली होती, काठी कोपऱ्यात. मिस्त्री उघड्या पात्यावर दोन्ही हातांनी फळी ढकलत होते आणि त्यांच्या मागे सर, मान लांब करून, बरोबर पात्याच्या रेषेत.

सिस्टरांच्या घशापर्यंत किंकाळी आली. ती त्यांनी गिळली. पात्याशी हात असलेल्या माणसाला दचकवायचं नसतं. थिएटरमध्येही सुरी चालू असताना कुणी ओरडत नसे. त्या चौकटीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. 

तेवढ्यात सरांची नजर वर गेली. कॉपी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.  सिस्टरांनी फक्त तर्जनी हलवली. डावीकडे व्हा.

अडतीस वर्षांच्या संसारात सरांनी पहिल्यांदाच "का?" विचारलं नाही. ते डावीकडे सरकले.

फळी थरथरली, पात्यात घट्ट अडकली आणि सुटली. मिस्त्रींच्या सदऱ्याची बाजू फाडत ती मागे गेली आणि पत्र्याच्या कपाटावर धाडकन आदळली. कपाटाच्या दाराला पोचा पडला, अगदी सरांच्या पोटाच्या उंचीवर. एक गुंडी जमिनीवर गोल गोल फिरत राहिली. मिस्त्रींचे हात अजून टेबलावरच होते, पात्यापासून वीतभर अंतरावर.

सिस्टर आत आल्या. लाल बटण दाबलं, प्लग काढला, पातं पुरतं थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हात दाखवा. दोघांनीही."

दोघांनी हात पुढे केले. सरांची दहाच्या दहा बोटं तपासून त्यांनी सोडून दिली. "जा, पाणी आणा. स्वतःही प्या."  मग सिस्टरांनी मिस्त्रींचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. जुनी जखम, नीट भरलेली.

"छान घातलेत टाके," काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

"तुमच्याच थिएटरात," मिस्त्री म्हणाले. "तेवीस वर्षं झाली. तुमच्या तोंडावर कापड होतं. इथे राहायला आलात ना, भाजीवाल्याशी बोलत होतात, तेव्हाच आवाज ओळखला."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं?" मिस्त्री खाली बघत राहिले. "एक विचारायचं होतं. माझ्या सोबत्याने बोटं जेवणाच्या डब्यातून आणली होती. उशीर झाला, जोडता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग... त्यांचं काय केलंत तुम्ही?"

सर पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकले.

सिस्टरांना काही आठवत नव्हतं. असे हात किती तरी आले होते. पण डॉक्टर हात धुवायला गेले की त्यानंतरच्या दोन मिनिटांत अशा बोटांचं त्या दर वेळी काय करत, ते त्यांना ठाऊक होतं.

"स्वच्छ कापडात गुंडाळली," त्या म्हणाल्या. "मीच. कचऱ्यात नाही टाकली."

"दोन्ही एकत्र?"

"दोन्ही एकत्र."

मिस्त्रींनी मान डोलावली. हात सोडवून घेतला. मग खाली बसून त्यांनी झाकण आणि पट्टी उचलली, फुंकर मारून भुसा उडवला. सर मदतीला वाकले, तसं त्यांना कोपराने बाजूला सारलं. तीन बोटांत झाकण धरून त्यांनी उजव्या हाताने एकेक स्क्रू आवळला, हलवून पाहिला, पुन्हा आवळला. झाल्यावर फाटका सदरा सावरत दोन पावलं मागे सरकले.

"सिस्टर," ते म्हणाले, "बघा बरं, नीट बसलंय का?"