सात आणि आठच्या मधली जास्तीची रेघ

महिन्याभरापूर्वी फोनवर बोट फिरवताना तुम्ही कदाचित एका जुन्या मनगटी घड्याळाच्या फोटोपाशी थांबला असाल. काळा पट्टा, पांढरी तबकडी, आणि बाराच्या आकड्याखाली एका बड्या कंपनीचं नाव. ते घड्याळ म्हणजे मी. फोटोखाली लिहिलं होतं, ‘अस्सल. एकाच मालकाने वापरलेलं. कधीही न उघडलेलं.’ यातलं फक्त मधलं खरं. आधीचं खोटं, नंतरचंही खोटं, आणि म्हणून मी सतत भ्यालेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते माझ्या मनात चाळीस वर्षं पडलेलं आहे.

माझा जन्म त्या बड्या कंपनीत झालाच नाही. एका लहानशा कारखान्यात, लांबलचक टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जुळवलं. एकीने चाकं बसवली, दुसरीने स्प्रिंग, तिसरीने काटे. शेवटच्या बाईने मला कानाला लावलं आणि शेजारणीला म्हणाली, “हे बोलतंय बघ छान.” एवढंच माझं बारसं. तेव्हा तबकडीवर कारखान्याचं साधंसं नाव होतं, ते आता मलाही धड आठवत नाही.

कारखाना बुडाला. उरलेला माल एका दुकानदाराने घाऊक भावात उचलला आणि ओलसर गोदामात टाकला. तिथे दोन पावसाळ्यांत माझा चेहरा डागाळला. आत सगळं ठणठणीत, पण बाहेरून महारोग्यासारखा दिसायला लागलो. मला कोण घेणार?

त्या दुकानाच्या दारात एक तरुण कारागीर टेबल मांडून बसायचा. टेबल दुकानदाराचं, वरचा दिवाही त्याचाच. या कारागिराचा हात म्हणजे काय सांगू! डाव्या डोळ्यात भिंग अडकवलं की तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. डागाळलेल्या तबकड्या खरवडून, नव्याने रंगवून, एका केसाच्या कुंचल्याने तो आकडे काढायचा. एक दिवस दुकानदाराने मला त्याच्यासमोर ठेवलं आणि बड्या कंपनीची एक जाहिरात शेजारी ठेवली.

“यावर हे नाव घाल.”

“ते आपल्याला नाही जमायचं, शेठ.”

“जमत नाही की करायचं नाही? जमत नसेल तर जमणारा शोधतो. टेबल रिकामं कर.”

कारागिराने वरच्या दिव्याकडे बघितलं. मग म्हणाला, “एकच करीन. पुन्हा सांगू नका.”

त्याने नाव काढलं. इतकं हुबेहूब, की माझा मलाच क्षणभर भास झाला. मग तो मिनिटांच्या रेघा काढायला लागला, प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे चार. सातच्या पुढे दोन रेघा झाल्या, तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने टेबलाशी थांबून विचारलं, “किती वाजले हो?” टेबलावर वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. कारागिराने मान वर केली, आत दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, वेळ सांगितली, आणि परत खाली बघून आणखी तीन रेघा काढल्या. सात आणि आठच्या मधे पाच रेघा झाल्या. वरून फिरवलेला लाखेचा थर वाळल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. त्याने भिंगातून दोनदा मोजल्या. एक रेघ खरवडायची तर ओरखडा उठला असता, आणि सगळं पुसायचं तर नावही पुन्हा काढावं लागलं असतं.  त्याने मला पाच रेघांसकट दुकानाच्या काचेत ठेवलं.

मला शाळेतल्या एका गणिताच्या सरांनी घेतलं. त्यासाठी त्यांनी स्कूटर घ्यायचा बेत तीन वर्षं पुढे ढकलला. शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप उचलताना ते मुद्दाम बाही मागे सारायचे, आणि कुणी “अरे वा, त्या कंपनीचं?” म्हटलं की नुसते हसायचे. मला मात्र वाटायचं, आता कुणीतरी मोजणार, आता पकडला जाणार! जवळजवळ चाळीस वर्षं सरांनी मला रोज दहादा पाहिलं. वर्गात मुलांना एकेक गुण काटेकोरपणे मोजून देणाऱ्या त्या माणसाने सात आणि आठच्या मधलं कधी मोजलं नाही. माणसं घड्याळाकडे बघतात ती उशीर झाला का हे कळायला. घड्याळ कसं आहे ते कोण बघतं?

एकदाच जीव जायची वेळ आली. मी बंद पडलो आणि सर मला दुरुस्तीला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं. आतलं साधं यंत्र बघून त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने मान वर करून सरांचा चेहरा बघितला, माझं यंत्र पुसलं, तेल घातलं, झाकण लावलं. म्हणाला, “उत्तम वस्तू आहे, सर. जपा.” जीव भांड्यात पडला. पण त्याच दिवशी मला समजलं की माझ्यासाठी आता आणखी एक माणूस खोटं बोललाय.

सर गेले. त्यांना शेवटपर्यंत मी खरा वाटलो. मुलांनी कपाट रिकामं केलं आणि मी जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाच्या हाती पडलो. हा माणूस काहीही हाती आलं की आधी कापसाने घासतो, म्हणून ओळखीचे लोक त्याला चकाचक म्हणतात. चकाचकच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात काय होतं? काटे. नुसते काटे, नुसत्या काचा, पट्टे नसलेले सांगाडे. जी घड्याळं विकली जात नाहीत ती शेवटी त्या डब्यात जायची.

“शनिवारपर्यंत नाही गेलं तर सुटं करतो,” चकाचक फोनवर कुणाला तरी सांगत होता. “अख्ख्याला गिऱ्हाईक नाही, सुट्याला आहे.”

डबा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझी तर पाचावर धारण बसली.

गुरुवारी एका बाईंचा फोन आला. आवाज पन्नाशीच्या आतला, आणि प्रश्न एकापाठोपाठ एक.

“मागचं झाकण उघडून फोटो पाठवता का?”

“ताई, कंपनीचं बंद आहे ते. उघडलं की भाव पडतो.”

“भाव पडू दे. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. वरच्या कातडीवर माझा फारसा विश्वास नाही.”

चकाचक हसला, पण झाकण काही उघडलं नाही. बाई म्हणाल्या, “वडिलांसाठी घेतेय. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. या कंपनीची कितीतरी त्यांच्या हाताखालून गेली, पण स्वतःच्या मनगटावर कधी बांधलं नाही. पुढच्या आठवड्यात पंचाहत्तर होतायत. उद्या व्हिडिओवर त्यांनाच दाखवा. ते हो म्हणाले की लगेच पैसे पाठवते.”

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस! मला वाटलं, संपलं आपलं.

शुक्रवारी दुपारी चकाचकने फोन उभा करून मला त्याच्यासमोर धरलं. पडद्यावर एक खोली दिसली, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्या मागे उभी राहून खांद्यावरून वाकलेली लेक. म्हाताऱ्यांनी सवयीने डाव्या डोळ्यात भिंग अडकवलं आणि थेट फोनच्या पडद्याला टेकवलं.

“अहो बाबा, भिंग कशाला? बोटांनी मोठं होतं चित्र,” लेक हसत म्हणाली.

पण बाबा हसले नाहीत. त्यांचा डोळा माझ्यावर थबकला होता, आणि मी तो डोळा ओळखला. चाळीस वर्षांनी, केस पांढरे, गाल बसलेले, पण श्वास तसाच बेताने घेतलेला.

“सात आणि आठच्या मधे जवळ आणा जरा,” ते चकाचकला म्हणाले.

चकाचकने मला जवळ नेलं. पाच रेघा. म्हाताऱ्यांनी भिंग काढलं. ते त्यांनी मुठीत दाबलं.

“कसं आहे, बाबा? घेऊ ना?”

“नको गं. या वयात कशाला मला घड्याळ? कुठे वेळेवर पोचायचंय?”

“ते राहू द्या. खरं आहे की नाही तेवढं सांगा.”

त्यांना सुटायला वाट होती. नुसतं ‘आवडलं नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. लेकीचे पैसे वाचले असते, आणि या लेकीच्या मनातला बाप जसा होता तसाच राहिला असता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हणा ना ‘आवडलं नाही’! मग लक्षात आलं, तसं म्हटलं तर उद्या शनिवार आहे. आणि ‘खरं आहे’ म्हटलं तर मी वाचतो. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला तेच हवं होतं. माझ्या जिवापायी त्या माणसाने पुन्हा एकदा खोटं बोलावं असं मला वाटलं.

त्यांनी भिंग खिडकीत ठेवलं. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“खोटं आहे,” शेवटी ते म्हणाले. “यंत्र साधं आहे. नाव नंतर घातलंय.”

“आजोबा, काहीतरीच काय!” चकाचक उसळला. “कशावरून?”

“मी घातलंय म्हणून.”

लेकीने त्यांच्या खांद्यावरून मान मागे घेतली.

“तुम्ही?” लेकीने विचारलं.

“मी. टेबल जाईल म्हणून भ्यालो. एकच केलं. पण केलं.”

“आणि ते कुणाला विकलं?”

“माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचं धैर्य नव्हतं.”

मला माहीत होतं! गणिताचे सर, स्कूटर, मागे सारलेली बाही, सगळं माहीत होतं. पण मला फक्त टिकटिक करता येते, आणि ती तर मी आधीपासून करतच होतो.

“विचार करून कळवते,” लेक म्हणाली. तिचा आवाज एक्स-रेच्या खोलीतल्यासारखा कोरडा झाला होता. फोन बंद झाला.

चकाचकने मला टेबलावर आपटलं. “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” तो पुटपुटला आणि त्याने डबा ओढला. शनिवारची वाट कशाला बघायची? त्याने पट्टा काढला. मग मागचं झाकण उघडलं. चाळीस वर्षं लपवलेलं माझं पोट उजेडात आलं. चिमटा आत शिरणार, तेवढ्यात फोन वाजला.

“आहे तसं द्या,” बाई म्हणाल्या. “आतल्या यंत्राचे जेवढे होतात तेवढेच देईन. नावाचे नाही. आणि तो फोटो आजच्या आज खाली उतरवा, नाहीतर खाली खरं काय ते मी लिहीन.”

चकाचकने मला पुन्हा बंद केलं. घासलं मात्र नाही.

आता मी त्या खिडकीशी आहे. लेकीने मला बापाला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं नाही. तिने डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाली, “नाव पुसा.” मग आठ दिवस दोघांचं जेमतेम बोलणं. जेवण वाढायची, औषध द्यायची, पण ‘बाबा’ म्हणायची नाही. तेही मला हात लावायचे नाहीत. मी दोघांच्या मधे टेबलावर चालू होतो, आणि मला वाटायचं, यापेक्षा तो डबा परवडला.

आज सकाळी त्यांनी दिवा लावला. माझे काटे काढून बशीत ठेवले. आता ते पातळ पातं घेऊन माझ्या चेहऱ्यावर वाकले आहेत आणि त्यांचा हात वाऱ्यातल्या पानासारखा हलतोय. हा हात एकेकाळी केसाच्या कुंचल्याने लिहायचा! पातं जरा निसटलं तर तबकडी गेली, आणखी निसटलं तर त्यांचं बोट. मी भीतीने गारठलो आहे. तेही भ्यालेत, त्यांचा श्वास मला ऐकू येतोय. दोनदा पातं टेकवलं, दोनदा उचललं.

“जमत नाही गं,” ते म्हणाले.

तुम्ही, जे माझ्यासारख्यांचे फोटो बघत बसता, तुम्हाला एक विनंती. घ्या, नका घेऊ, पण आधी झाकण उघडायला लावा. आम्ही भ्यालो तरी उघडायला लावा. कारण बंद झाकणाखाली जी भीती आहे ती या पात्याच्या भीतीपेक्षा वाईट आहे, आणि मी दोन्ही पाहिल्या आहेत.

लेक स्वयंपाकघरातून आली. ओले हात पदराला पुसले, खुर्ची ओढली, आणि दोन्ही हातांनी बापाचं मनगट धरलं.

“हं. आता करा, बाबा.”

पातं टेकलं. पहिलं अक्षर भुकटी होऊन उडालं. मग दुसरं. थांबत थांबत, श्वास घेत, दोघांनी मिळून सगळं नाव काढलं. तिथे आता नुसता पांढरा पट्टा उरलाय.

“इथे काय लिहू मग?” त्यांनी विचारलं.

“काही नको,” ती म्हणाली. मनगट मात्र तिने अजून सोडलेलं नाही.