मानाचं चाक

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंहांनी शिंदे की छावनीतल्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या चारही चाकांची हवा मोजली. तीन चाकांत तेहतीस, पुढच्या उजव्या चाकात अठ्ठावीस. पंपानं भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठ्ठावीस.

एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. पण दौलतसिंहांचा मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचा मुलगा तरुण गाडी विकायच्या मागे लागला होता. अडुसष्टाव्या वर्षी बाप विसराळू झालाय, असं त्याचं ठाम मत होतं. फोनवर हवेची गोष्ट निघाली तसा तो म्हणाला, "पापा, संडेला मी भोपाळहून येतोय. तोवर टायर ठीक झाला नाही, तर चावी माझ्याकडे. फिर कोई बहस नहीं."

चावी गेली की पत्नी लीलाताईंना घेऊन, मनात येईल तेव्हा, दतियाला त्यांच्या बहिणीकडे, मंदाकडे, जाणं संपलं. दौलतसिंहांना दुसरं काही सुचेना.

गुरुवारी ते हजीऱ्याला समरजीतच्या पंक्चरच्या दुकानात गेले. त्यानं चाक काढून पाण्याच्या टाकीत सावकाश फिरवलं. एक बुडबुडा नाही.

"टायर में कुछ नहीं है, बाबूजी. वहम है आपका."

"वहम रोज़ पाँच पॉइंट हवा नहीं खाता," दौलतसिंह म्हणाले.

शनिवारी अठ्ठावीस. ते पुन्हा दुकानात हजर. या वेळी समरजीतनं वॉल्व्हचं टोपण काढलं, बोट ओलं केलं आणि थुंकीचा थेंब वॉल्व्हच्या तोंडावर ठेवला. थेंब हळूहळू फुगला आणि फुटला.

"लो, ये रहा चोर! ढक्कन इतना कस के लगाते हो आप, कि टंकी में दो मिनट चुप बैठा रहा. हवा रात भर में धीरे-धीरे निकलती है."

त्यानं आतली पिन काढून तळहातावर आपटली. पिनेच्या रबराला लाल कीट चिकटलं होतं आणि त्यात तांदळाची कणी.

"टायर को चावल खिलाते हो, बाबूजी?"

दौलतसिंहांना दसऱ्याची सकाळ आठवली. घरात आता एकच तलवार उरलेली, म्हणून शस्त्रपूजेला तिच्याबरोबर गाडीही असायची. त्यातही पुढचं उजवं चाक मानाचं. लीलाताईंनी त्याचं टोपण काढून थेट वॉल्व्हच्या तोंडाला ओलं कुंकू आणि अक्षता लावल्या होत्या. "तोंड झाकून कुणी गंध लावून घेतं का?" असंही म्हणाल्या होत्या. नंतर दौलतसिंहांनी टोपण घट्ट बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी हवा भरताना सगळं स्वतःच्या हातानं आत ढकललं.

नवी पिन बसली. घरी त्यांनी लीलाताईंना एवढंच सांगितलं, "पिन खराब होती."

रविवारी तरुणनं आल्याआल्या स्वतः हवा मोजली. तेहतीस.

"झालं काय होतं?"

"पिनेत कचरा गेला होता."

"म्हणजे टोपण उघडं राहिलं. पापा, हेच तर मी म्हणतोय! आज टोपण विसरलात, उद्या हँडब्रेक विसराल." त्यानं खुंटीवरची चावी काढली.

दौलतसिंहांनी त्याला चावी घेऊ दिली. खरं सांगितलं असतं तर वर्षभर पोरगा आईची टर उडवत बसला असता.

"कसला कचरा हो?" लीलाताई चहाचे कप घेऊन आल्या.

"कसला म्हणजे? कचरा."

"लाल होता?"

दौलतसिंहांनी कप हातात घेतला. लीलाताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या तरुणकडे वळल्या.

"टोपण मी काढलं होतं. गंध लावायला. हे काही विसरले नाहीत."

"मम्मी, वॉल्व्ह को गंध?"

"हस पोटभर. तुझ्या पहिल्या सायकलीलाही लावलं होतं, तेव्हा दोन्ही हात जोडून उभा होतास. चावी ठेव जागेवर. मंगळवारी आम्हाला मंदाकडे जायचंय."

तरुण हसतच होता. हसता हसता त्यानं चावी परत खुंटीला अडकवली.

"पुढच्या वर्षी बॉनेटला लावा हं," दौलतसिंह म्हणाले.

"बघू," लीलाताई म्हणाल्या.