सुप्रभात. ठीक?

“मॅडम, ह्यो रघुनाथ म्हंजे मीच ना?”

धाकलूकाकांनी पेपरचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि हाताने सरळ केलं. वर माझा फोटो, शेजारी नाव, रोहिणी भोईर, समुपदेशक. त्याखाली सदराचं नाव, ‘मन आणि मोबाइल’. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये खाली जीन्सची दुकानं आणि वर माझी खोली, अशा जागी बसून चौदा वर्षं मी लोकांना बोलतं करते. त्या दिवशी मला साधं ‘बसा’ म्हणायला सुचेना.

“बसा काका,” शेवटी म्हटलं.

“बसतो. पन आदी सांगा.”

“तुम्हीच.”

“वाटलंच मला,” म्हणत ते बसले.

खरं तर मीच त्यांना फोन करणार होते. माझ्या लेखांचं पुस्तक निघत होतं, पहिलंवहिलं. संपादक जिज्ञासा, सत्तावीस वर्षांची चुणचुणीत पोरगी. तिने रघुनाथरावांवरचा लेखच पहिलं प्रकरण म्हणून निवडला होता. “मॅडम, हा एक नंबर आहे. फक्त त्या काकांची सही आणा, सोमवारी फाइल प्रेसला जाते,” असं तिने दोनदा बजावलं होतं. सही! पेपरात छापताना मी कुणाला विचारलं होतं? नाव बदललं, अंबरनाथचं कल्याण केलं, ऑर्डनन्स फॅक्टरीची बँक केली आणि झाले मोकळी.

तीन महिन्यांपूर्वी त्यांची सून राही त्यांना माझ्याकडे घेऊन आली होती. “मॅडम, बाबांना मोबाइलचं व्यसन लागलंय हो. पाचला उठतात, दोनशे चौदा लोकांना सुप्रभात पाठवतात आणि मग बारापर्यंत ब्लू टिक बघत बसतात. पोहे थंड होतात, लक्ष नाही. फुल टेन्शन!” काका शेजारी बसून हसत होते. रोज एक फुलाचं चित्र आणि खाली दोनच शब्द, ‘सुप्रभात. ठीक?’

तीनदा आले ते. टिक निळी झाली नाही तर कसं वाटतं, मी विचारलं. “जीव खालीवर होतो,” म्हणाले. मी ते वहीत टिपलं आणि लेखात लिहिलं, ‘निळी टिक हा रघुनाथरावांचा रोजचा डोस आहे.’ काय खूश होते मी त्या वाक्यावर! ‘ठीक?’ मात्र होतं तसंच ठेवलं. वाचक हसतील, म्हटलं.

हसलेच. कारण लेख आला त्या सकाळी काकांनी नुसता माझा फोटो पाहिला आणि एक ओळही न वाचता लेख दोनशे चौदा जणांना पाठवून दिला. ‘आमच्या मॅडमचा लेख. सर्वांनी वाचावा. ठीक?’

“धा मिन्टात सुरू झाले सगळे,” काका म्हणाले. “हसायची तोंडं पाठवतायत. ‘काय रघुनाथराव, डोस घेतला काय?’ मला कायच कळं ना. मंग चष्मा लावून वाचला.”

“काका, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“ते ऱ्हाऊ द्या. पन तुमी लिवलंय, लोकांनी माज्याकडं बगावं म्हनून मी मेसेज टाकतो. तसं नाय ते.”

“मग कसं आहे?”

“अवो, मी हजेरीला होतो ना फॅक्टरीत! सव्वीस वर्सं. आमच्या सेक्शनची मानसं मोजून आत घ्यायची, मोजून भायेर सोडायची. आता सगळे रिटायर. कोन बदलापूरला, कोन वांगणीला. कुनाची बायको गेली, कुनाची पोरं लांब. म्हनून सकाळचं ईचारतो, ठीक? टिक निळी झाली का समजायचं, मानूस उठला. नाय झाली तर बारापर्यंत थांबायचं, मंग फोन, मंग रिक्षा. आमच्या फिटरची बायको, बनूबाई, तिची शुगर उतरली तवा मीच तर दार फोडलं!”

“राहीला माहीत आहे हे?”

“तिला कामावर जायची घाई. तिला वाटतं म्हातारा खेळतोय.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुमी ईचारलंत, कसं वाटतं. कोनाची टिक, ते नाय ईचारलंत.”

खणखणीत कानाखाली बसावी तसं झालं. लाज वाटली, अगदी खरी लाज. चौदा वर्षांचा अनुभव म्हणे!

“मग आता?”

काका कात्रणाकडे बघत म्हणाले, “लेख आला त्याच दिवशी बंद केलं मी. हसले ना लोक. पन आमचा हेमचंद्र मांजर्लीला येकटाच ऱ्हायचा. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी पोलीस बोलवले. मोरीत घसरला व्हता. डॉक्टर बोलला, दोन दिवस पडून व्हता.” त्यांनी कात्रणाची घडी घातली. “लगेच नाय गेला तो, मॅडम.”

मला रडू आवरलं नाही. आलेल्या माणसासमोर आम्ही रडायचं नसतं. टेबलावरचा टिश्यूचा डबा मी समोरच्याकडे सरकवायचा असतो. काकांनी तो माझ्याकडे सरकवला.

“माझ्यामुळे झालं हे.”

“बंद मी केलं,” ते म्हणाले. “आता परत चालू केलंय. दोनशे तेरा.”

मी त्यांच्यासमोरच जिज्ञासाला फोन लावला. “पहिलं प्रकरण काढायचं.”

“काय बोलताय मॅडम! बेस्ट आहे तो.”

“चुकीचा आहे.”

“आता थांबलो तर सहा महिने गेले समजा.”

“जाऊ देत,” म्हणून मी फोन ठेवला.

“काढू नका,” काका म्हणाले. “छापा. पन खरं काय ते छापा. माजं नाव रघुनाथ ठेवा नायतर काय बी ठेवा. हेमचंद्रचं बदलू नका.”

“काका, त्यासाठी घरच्यांची सही लागते.”

“त्याला कोन नाय. सव्वीस वर्सं त्याचं नाव मीच पुकारलंय.”

मी परवानगीचा फॉर्म पुढे केला. काकांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोर देऊन काढत हेमचंद्रचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट. खाली फॅक्टरीतला त्याचा टोकन नंबर, कुठेही न बघता. मग स्वतःची सही केली.

नियमाने त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. मी त्यावर तारीख घातली आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव लिहिलं.